हेडस्पेस
बंदुकीच्या मिटलेल्या बोल्टचे दर्शनी पृष्ठ आणि काडतुसाला पुढे सरकू न देणारी कक्षातील जागा यांतील अंतर. जुन्या .३०३ काडतुसात ही अडवणूक बुडाच्या कडेवर होते, ५.५६ × ४५ मिमी. काडतुसात पुंगळीच्या उतरत्या खांद्यावर. म्हणून या दुसऱ्या प्रकारात मोजणी बुडापासून खांद्यावरील ठरावीक व्यासापर्यंत करतात (पहा : गेज). ‘गो’ गेजवर बोल्ट मिटावा, ‘नो-गो’वर मिटू नये. अंतर वाढल्यास पितळी पुंगळी ताणली जाते, बुडाच्या जरा वर चकाकती वलयरेघ उमटते आणि पुढे पुंगळी तिथेच फाटते. पुनर्भरणापूर्वी ही रेघ तपासणे अत्यावश्यक. महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथे काडतुसे, तर भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला प्रणोदके बनतात (पहा : दारूगोळा). भारतात परवान्याविना काडतूस बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.