अंतर तेच, तास वेगळे

हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामधलं हवाई अंतर पृथ्वीगोलावर दोरी ताणून मोजलं, तर साधारण ७,८०० किलोमीटर भरतं. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या जेट विमानाला त्यासाठी नऊ-साडेनऊ तास पुरतात. तरीही हा प्रवास १९८३ मध्ये तेरा तासांचा होता, पुढे साडेनऊ तासांवर आला आणि २०२२ पासून पुन्हा तेराच्या घरात गेला. याचं कारण इंजिनात शोधून सापडणार नाही. जवळच्या वाटेचा बहुतेक भाग रशियावरून जातो, आणि आपल्या आकाशातून कोणाला जाऊ द्यायचं हे ठरवण्याचा प्रत्येक देशाचा हक्क १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केलेला आहे.

शीतयुद्धात सोव्हिएत संघाने सायबेरियावरचं आकाश परक्या विमानांना बराच काळ बंद ठेवलं. म्हणून स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली ती ध्रुवप्रदेशावरून, अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरून. इतर कंपन्याही त्याच वाटेला लागल्या आणि अँकरेज हे युरोप-जपान प्रवासाचं मोठं ठाणं बनलं. १९७० च्या सुमारास मॉस्कोत थांबून सायबेरियावरून जायची मुभा काहींना मिळाली, पण ती मोजकी होती. फिनलंडच्या फिनएअर कंपनीने १९८३ मध्ये डीसी-१० विमान उत्तर ध्रुवावरून थेट टोकियोला नेलं, ते याच अडचणीतून. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सायबेरिया खुला झाला. अँकरेजचे प्रवासी थांबे ओस पडले, मालवाहू विमानं तेवढी राहिली; आणि आशियाची सर्वांत जवळची वाट आपल्या दारातून जाते, या एका गोष्टीवर फिनएअरने आपला व्यवसाय वाढवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, रशिया आणि युरोपीय देशांची आकाशं परस्परांना बंद झाली आणि मार्चमध्ये फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवाकडे वळली.

विमानांच्या प्रगतीने प्रवास घटला, हा आक्षेप पिस्टन इंजिनांकडून जेटकडे जातानाच्या काळापुरता खरा आहे. त्यानंतर प्रवासी विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही. १९८३ चं डीसी-१० आणि २०२२ चं एअरबस ए-३५० यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षांची प्रगती आहे. इंधन कितीतरी वाचलं, तास मात्र तेवढेच लागले. वाऱ्याचं म्हणाल, तर पश्चिमी झोतवाऱ्यांमुळे जाण्या-येण्याच्या वेळात फरक पडतो. पण हे वारे १९८३ मध्ये होते, २०१९ मध्येही होते. सर्वांत बोलका पुरावा चिनी कंपन्यांचा. त्यांची विमानं २०२२ नंतरही रशियावरून युरोपला ये-जा करत राहिली. बनावट तीच, हवामान तेच. वेगळा आहे तो शेपटीवरचा देश.

भारतीय प्रवाशांनाही याची झळ बसली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. इतर देशांच्या विमानांना ती बंदी लागू नव्हती.