मांजऱ्या

मांजऱ्या (बॉयगा ट्रायगोनाटा) : कोल्युब्रिडी कुलातील सौम्य विषारी, निशाचर साप. झुडपी रानापासून परसातल्या झाडांपर्यंत भारतात तो दूरवर आढळतो. तंजावूरच्या कावेरीकाठी त्याला तमिळमध्ये ‘पूनै पांबू’ म्हणतात. दिवसा ढोलीत, सालीखाली किंवा गवती छपरात वेटोळे करून पडून राहायचे आणि अंधार पडला की पाली-सरड्यांच्या मागावर निघायचे, हा त्याचा क्रम. त्यामुळे माणसाच्या शेजारी राहूनही तो फारसा दिसत नाही.

लांबी साधारण 70 सेंमी. ते 1 मी.; अंग सडपातळ, मातकट तपकिरी. पाठीवर काळ्या कडांची फिकट नागमोडी नक्षी असते. डोळे टपोरे, बाहुली उजेडात उभ्या रेघेसारखी.

डिवचला गेला की तो अंग आवळतो, शेपटी थरथरवतो आणि झेप घेतो. नक्षी आणि हा पवित्रा पाहून लोक त्याला विषारी फुरसे समजून ठेचतात. फुरशाचे खवले मात्र खरखरीत. वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर आवाज काढते. डोक्यावर बारीक खवले, अंग आखूड आणि जाड. मांजऱ्याचे अंग गुळगुळीत, डोक्यावरचे खवले मोठे, मान बारीक, शेपटी लांब.

त्याचे विषदंत वरच्या जबड्यात मागे असतात. विष मुरवण्यासाठी सावज चावून धरावे लागते. पालीला ते पुरते. माणसाला सहसा वेदना आणि थोडी सूज एवढेच होते. मांजऱ्याच्याच बॉयगा प्रजातीतला बॉयगा ठाकरेई हा जंगली साप कोयना परिसरातून 2019 मध्ये नव्याने नोंदला गेला. तो बेडकांची अंडी खातो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, मराठा राजवटीतल्या तंजावूरची गोळी सर्पदंशावरचा उतारा म्हणून गाजली होती. पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ 1796 मध्ये प्रसिद्ध केला; त्याआधी त्यांनी अशा उताऱ्यांचीही तपासणी केली होती. त्या गोळीत सोमल आणि पारा होता! दंश मांजऱ्याच्या दंशासारखा मुळातच सौम्य असेल, तर रोगी बरा होतो आणि श्रेय औषधाला जाते. खऱ्या विषारी दंशात हाच विश्वास जीव घेतो.

मांजऱ्याच्या दंशाला प्रतिसर्पविष लागत नाही, फुरशाच्या दंशाला लागू शकते. अंधारात दोघांची गल्लत सहज होते. म्हणून साप कोणता याचा घोळ घालत न बसता जखमीला थेट रुग्णालयात न्यावे.