दगडाची भिंत, काचेची भिंत

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. इथले सर्वांत नावाजलेले पाणी लोणारच्या विवरातले, आणि ते इतके क्षारयुक्त की मासोळीला मानवणारे नव्हे. ते विवर उल्केच्या आघाताने झालेले. पाणी अडवायला तिथे माणसाला एक दगडही रचावा लागला नाही. माणसाने अडवलेले पाणी पाहायचे तर सिंदखेड राजाला जावे. जाधवरावांच्या काळातल्या मोती तलावाची दगडी भिंत तिथे किल्ल्याच्या तटासारखी उभी आहे. मत्स्यालयांची गोष्ट या भिंतीपासून सुरू केली तर ती नीट समजते. भिंत दगडाची असो वा काचेची, तिला रेटणारे पाणी एकच आहे.

पाण्याचा रेटा पसाऱ्यावर नाही, खोलीवर ठरतो. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे अर्धा टन जोराने ढकलते. खोली दोन मीटर झाली की हा जोर दोन टन होतो, तीन मीटरला साडेचार टन. म्हणजे खोली दुप्पट, तर रेटा चौपट. भिंतीमागे पाणी हातभर पसरलेले असो की कोसभर, या हिशेबात फरक पडत नाही. आणि सगळ्यात जास्त दाब तळाशी. म्हणून धरणाची भिंत पायथ्याशी रुंद ठेवतात आणि वर निमुळती करतात.

दगडी बांधकामाचा मोठा गुण त्याच्या वजनात आहे. पाणी भिंतीला उलथवू पाहते, भिंत आपल्या भाराने जागची हलत नाही. दुसरा गुण कमी बोलला जातो : दगडी भिंत आधी सांगते. सांध्यातून पाझर फुटतो, ओल दिसते, शेवाळ धरते. गवंड्याला डागडुजीसाठी एखादा उन्हाळा मिळतो.

काच तेवढी सवड देत नाही.

लोकांना तिकीट लावून मासे दाखवणारे पहिले मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडले. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ च्या आपल्या पुस्तकातून ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. त्यानंतर शंभरेक वर्षे मोठ्या टाक्यांची सर्वसाधारण रीत ठरलेली होती. तीन बाजू आणि तळ पक्क्या बांधकामाचा, समोर फक्त एक काच. म्हणजे एका अर्थी छोटा तलावच, त्याला एक खिडकी.

महाराष्ट्रातले या परंपरेचे मोठे नाव म्हणजे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. मरीन ड्राइव्हवरच्या या वास्तूला आठ लाख रुपये खर्च आला. त्यातले दोन लाख पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांनी दिले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली उद्घाटन झाले. पुढच्या कितीतरी पिढ्यांची मुंबई याच क्रमाने पाहून झाली : राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला. मलकापूर किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईत उतरलेल्या पोराला समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा दिसायचा तो बहुधा इथल्या काचेआड. नाक काचेला टेकवून उभ्या राहिलेल्या त्या पोराच्या मनात काचेच्या जाडीचा प्रश्न यायचे कारणच नव्हते.

प्रश्न मात्र बांधणाऱ्याला पडतो. काच दाबाखाली भक्कम आणि ताणाखाली लेचीपेची. पाण्याच्या रेट्याने ती बाहेर फुगते, बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आणि तिथल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांपासून तडा निघतो. हवेतला ओलावा हे ओरखडे हळूहळू वाढवतो. त्यामुळे काचेने एक दिवस पेललेला भार ती वीस वर्षे पेलेलच असे नाही. मोठ्या टाकीसाठी काचेचे दोन-तीन थर मधल्या चिवट पातळ पडद्याने चिकटवून वापरतात, ते याचसाठी. एक थर तडकला तरी बाकीचे पाणी धरून ठेवतात.

खरा पालट अ‍ॅक्रिलिकने घडवला. दुसऱ्या महायुद्धात विमानचालकांच्या डोक्यावरची पारदर्शक छत्री याची असे. वजन काचेच्या निम्मे, नितळपणा तिच्याहून सरस, तापवले की वळते, आणि तुकडे रसायनाने असे सांधता येतात की सांधा दिसत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला केली टार्लटन यांनी १९८५ साली वाकवलेल्या अ‍ॅक्रिलिकचा बोगदा उभारला. माणसे खाली, मासे डोक्यावर. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या मत्स्यालयात २००२ साली बसलेली भिंत २२.५ मीटर लांब, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. तिच्यामागे ७५ लाख लिटर पाणी. तारापोरवालालाही नूतनीकरणात १२ फुटांचा अ‍ॅक्रिलिक बोगदा मिळाला आणि २०१५ साली ते पुन्हा खुले झाले. बोगद्याचा हा आकार गवंड्याला परका नाही. कमानीचा दगड जसा वरचा भार बाजूंकडे वाटून देतो, तसाच वाकवलेला पत्रा वरच्या पाण्याचा भार वाटून देतो.

तरीही अ‍ॅक्रिलिकची नाटके आहेत. उन्हाथंडीत ते काचेच्या कितीतरी पट फुगते-आकसते, म्हणून चौकटीत जागा सोडावी लागते. ते थोडे पाणीही शोषून घेते. टाकी बराच काळ कोरडी ठेवली तर पृष्ठभाग वाळतो आणि बारीक भेगांची शक्यता वाढते.

याचा सर्वांत मोठा धडा बर्लिनमध्ये मिळाला. तिथल्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यात १४ मीटर उंच, दहा लाख लिटरचा अ‍ॅक्रिलिकचा नळकांडा उभा होता. त्यात दीड हजारांच्या आसपास मासे होते. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे सहाच्या आत तो एका झटक्यात फुटला. दोन माणसे जखमी झाली. तासाभराने फुटला असता तर खाली माणसांची वर्दळ असती. तज्ज्ञांनी तुकडे जुळवून पाहिले, सांध्याचा दोष, पायथ्याची इजा अशा शक्यता मांडल्या, पण ठाम कारण सापडले नाही. दगडाच्या भिंतीने दिला असता तो पाझराचा इशारा इथे कोणालाच मिळाला नाही.

हॉटेल, मंगल कार्यालय किंवा दवाखान्याच्या दर्शनी भागात मोठी टाकी बसवायची हौस खामगाव-चिखलीपर्यंत पोचली, तरी हिशेब तोच राहील. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. म्हणून काचेआधी जमिनीचा विचार. खालचा पाया पाणसळीत तपासलेला आणि न खचणारा हवा. कारागिराशी बोलताना टाकी किती लिटरची हे नंतर, किती उंच हे आधी सांगावे. सिलिकॉनचा सांधा पुरता वाळू द्यावा. मग पाणी टप्प्याटप्प्याने भरावे, प्रत्येक टप्प्यावर थांबून काचेचा फुगवटा मोजावा, आणि भरलेली टाकी काही दिवस रिकाम्या खोलीत तशीच ठेवून पाहावी. मासे त्यानंतर. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर टाकी न्यायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

१२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी सिंदखेड राजाला मोठी गर्दी जमते. वाडा पाहून झाल्यावर मोती तलावाकडेही वळावे. भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून वरपर्यंत नजर टाकावी आणि तिची जाडी पाहावी. पुढे कधी मुलांना घेऊन एखाद्या काचेच्या बोगद्यात शिरलात, तर त्यांना माशांआधी काचेची कड दाखवा आणि ती किती जाड आहे ते मोजायला सांगा.