जिची तपासणी आधी, तिच्यावरच ठपका

एड्सचा विषय निघाला की आपल्याकडं हायवे आणि ट्रक ड्रायव्हरच्याच गोष्टी निघतात. जुना ६ नंबर हायवे मलकापूर, नांदुरा, खामगावातून जातो, म्हणून असेल. पण या आजाराचा एक इतिहास बाळंतपणाच्या खोलीतला आहे. तो कुणी सांगत नाही.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. तेव्हा समज असा, की आईला आहे म्हणजे लेकराला होणारच. खरं तर काहीच उपचार नसले तरी अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. काहींना पोटात, काहींना बाळंतपणात, काहींना दुधातून. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं तशीही सुटतात. बाकीच्यांना वाचवायचं कसं, हा प्रश्न होता.

१९९४ मध्ये अमेरिका-फ्रान्सच्या अभ्यासानं दाखवलं, की गरोदरपणात एझेडटी औषध दिलं तर लागण शंभरात २५ वरून ८ वर येते. पण ते महाग. मग १९९९ मध्ये युगांडातून बातमी आली: कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपीनची एक गोळी, जन्मल्यावर बाळाला थोडं सिरप, एवढ्यानंही धोका जवळपास निम्मा होतो. आपल्या देशात २००० साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ११ रुग्णालयांत एझेडटी देऊन सुरुवात झाली. पुढं तीच नेव्हिरॅपीनची गोळी सरकारी दवाखान्यांत आली. दूध पिणाऱ्या बाळांना एका डोसऐवजी सहा आठवडे औषध द्यावं का, याच्या अभ्यासात इथिओपिया, युगांडाबरोबर आपलं पुणंही होतं. तो २००८ मध्ये छापून आला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती एक गोळी बाळासाठी होती, आईसाठी नव्हती. बाळ वाचलं की आईचं काय, याला बरीच वर्षं पूर्ण उत्तर नव्हतं. मोफत एआरटी २००४ पासून मिळू लागली, तीही आधी काही मोजक्या रुग्णालयांत. १ जानेवारी २०१४ पासून नियम बदलला: एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला लगेच आणि जन्मभर औषध. ते वेळेत सुरू झालं, नीट घेतलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात दोनाच्याही खाली येतं.

मग घोडं अडतं कुठं? घरात.

आपल्याकडं रक्त आधी तपासलं जातं ते सुनेचं, कारण ती गरोदर असते. नवरा दवाखान्याची पायरीच चढत नाही. रिपोर्ट तिचा आधी येतो, आणि घरचे म्हणतात, "हिनंच आणलं." अहो, आधी तपासणी झाली म्हणजे आधी लागण झाली असं नसतं! या भीतीनं बाया रिपोर्ट लपवतात, गोळ्या लपवतात.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. समजा सासर जालना जिल्ह्यात आणि माहेर देऊळगाव राजात. नोंद तिकडं, बाळंतपण इकडं, कार्ड ट्रंकेत. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात आणि शेवटची खात्री १८ महिन्यांनी. तोवर लेकरू दोन गावांच्या मधे हरवून जातं.

गरमी आणि 'ब' कावीळही आईकडून बाळाला अशीच जाते. गरमीला पेनिसिलिन आहे. काविळीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते. श्रीलंकेनं एचआयव्ही आणि गरमीचं आईकडून बाळाकडे जाणं जवळपास थांबवलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला प्रमाणपत्र दिलं.

२०१७ च्या कायद्यानं रिपोर्ट गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. कायदा घरात येऊन बसत नाही, घरच्यांनीच समजून घ्यावं लागतं. म्हणून सांगणं एवढंच: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिन्ही तपासण्या करून घ्या. सोबत नवऱ्यानंही रक्त द्यावं, त्याच दिवशी. आणि लेक माहेरी येताना साडी-चोळीच्या आधी तिचं कार्ड पिशवीत टाका.