हळदीची पेवे

मुरबाडच्या रानात शेवळाचा कंद हिवाळा-उन्हाळा मातीतच निजतो व पहिल्या पावसासरशी कोंब धरितो. त्याचे रक्षण भूमीच करिते. भूमीच्या ह्याच गुणाचा लाभ सांगलीजवळील हरिपूरकरांनी शिजवून वाळविलेल्या हळदीसाठी घेतला. अरुंद तोंडाची, आत विस्तीर्ण अशी पेवे खणून ती हवाबंद केली, की किडीस वाव राहत नसे. मात्र पेव उघडताच आत उतरणाऱ्यास गुदमरून प्राणास मुकण्याचे भय असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवे नष्ट झाली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आम्ही अद्याप सर्रास योजितो. परंतु ज्या वस्तूवरून तो आला, ती डोळ्यांनी पाहिलेले आमच्यांत कितीसे निघतील?