पैठणचा राजा आणि वेताळ

खांद्यावर प्रेत, हातांत तरवार आणि भोंवतीं स्मशानाचा अंधार, हें चित्र मुलांच्या करमणुकीस योग्य आहे असें कोणी म्हटल्यास शहाणीं माणसें मान हलवितील. तथापि 1985 सालच्या ऑक्टोबरांत दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' ही मालिका सुरू झाली, आणि दर रविवारीं मुलें हेंच चित्र पाहावयास हौसेनें बसूं लागलीं. पनवेलजवळचें कामोठें तेव्हां गांवच होतें. सिडकोच्या इमारती तेथें मागाहून उठल्या. ज्या आळींत एकाच घरीं संच असे, तेथें सारी आळी त्या घरीं लोटे.

रामानंद सागर यांच्या ह्या मालिकेचे भाग अवघे 26. अरुण गोविल हे राजा झाले होते आणि सज्जन हे वेताळ. पांढरे मोकळे केस, पांढरा वेष आणि खदखदून हसणें एवढीच काय ती वेताळाची सामग्री. सज्जन यांचा जन्म 1921 चा. म्हणजे साठी उलटलेला हा नट राजाच्या पाठीवर बसे! राजाच्या पाठीची कींव करावी, परंतु मुलांचें लक्ष राजाकडे नसेच. तीं वाट पाहत ती वेताळाची. पुढें 1987 मध्यें ह्याच मंडळींतून 'रामायण' मालिकेचे राम, सीता, लक्ष्मण आणि रावण निघाले, आणि वेताळ कांहींसा मागें पडला.

ही कथा उत्तरेकडून आली असा पुष्कळांचा समज आहे. उज्जयिनीच्या विक्रमादित्याचें नांव तिला चिकटल्यामुळें तो झाला असावा. परंतु अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें 'कथासरित्सागर' रचला, त्यांतील हा राजा गोदातीरींच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. त्याचें नांव त्रिविक्रमसेन. एक भिक्षु त्यास रोज एक फळ आणून देई. एके दिवशीं माकडानें फळ फोडलें तों आंत रत्न निघालें. ह्या देण्यानें बांधला गेलेला राजा भिक्षूच्या सांगण्यावरून स्मशानांत शिंशपेच्या झाडावरचें प्रेत आणावयास गेला.

त्या प्रेतांत वेताळ होता. वाट सरावी म्हणून तो गोष्ट सांगे आणि शेवटीं प्रश्न टाकी. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकें फुटेल, अशी त्याची अट. आणि राजा बोलला कीं हा पुन्हां झाडावर! पंतोजी उत्तर येत नाहीं म्हणून छडी मारीत; वेताळ उत्तर येत असून तें न देणाऱ्यास शासन करणार होता. मुलांना हा न्याय फार लवकर पटतो. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर राजाला खरोखरच सुचलें नाहीं, तो मुकाट्यानें चालत राहिला, आणि वेताळ प्रसन्न झाला. त्यानें सांगितलें कीं, भिक्षु तुझाच बळी देणार आहे. नमस्कार घाल म्हणाला तर, 'कसा घालावयाचा तें दाखव' असें म्हण, आणि तो वांकला कीं त्याचें शिर उडव. राजानें तसेंच केलें. रत्नें वाटणारा साधु घातकी निघाला, आणि ज्याच्या नांवानें मुलांना भिवविलें जातें तो जीव वांचविणारा ठरला.

मराठी मुलांच्या हातीं ह्या गोष्टी फार पूर्वीं आल्या. 'बाळमित्र' लिहिणारे बापू छत्रे यांनीं 1830 सालीं 'वेताळपंचविशी' मराठींत आणली. 1952 पासून 'चांदोबा' मासिक मराठींत निघूं लागलें. त्यांतील वेताळाच्या गोष्टी तर पंचविसांवर थांबल्याच नाहींत, आणि शंकर ह्या चित्रकारानें काढलेला तरवारधारी राजा एका पिढीच्या डोळ्यांत कायमचा बसला. सज्जन यांचा वेताळ घरांत आला तेव्हां त्याची ओळख करून देण्याची गरज उरली नव्हती.

कोंकणांत तर ती कधींच नव्हती. वेंगुर्ले तालुक्यांतील आरवलीस वेताळ हा वेतोबा होऊन गांवाचा राखणदार झाला आहे. रात्रीं तो गांवाभोंवतीं फेरी घालतो अशी श्रद्धा असल्यामुळें भाविक त्याला भल्या मोठ्या चामडी वाहणा आणि केळ्यांचा घड अर्पण करतात. कामोठ्यांत आज राहणाऱ्या एखाद्या तळकोंकणी कुटुंबांतील मुलगा सुटींत तेथें गेला, तर देवापुढें मांडलेल्या त्या वाहणांकडेच तो आधीं धांवतो. कारण जुन्या वाहणांचे तळ चालून झिजलेले असतात, असें त्याला घरींच सांगितलेलें असतें.