लस आधी, मूत्रपिंड नंतर

लस टोचली की शरीर रोगजंतूची ओळख लक्षात ठेवते, हे आपण वर्गात शिकवतो. पण हीच स्मरणशक्ती अवयवरोपणाच्या आड येते, हे सहसा सांगायचे राहून जाते.

गिब्सन आणि मेडावार यांनी १९४३ साली ग्लासगोतील एक निरीक्षण प्रसिद्ध केले. भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे बसवले होते. ते टिकले नाहीत. दुसऱ्यांदा बसवलेले तुकडे तर आणखी लवकर नष्ट झाले. म्हणजे शरीराला पहिली भेट आठवत होती!

१९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांसाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे हवी होती. १९६०च्या दशकात अॅझाथायोप्रिन आणि १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन वापरात आले. मूत्रपिंडे टिकू लागली. पण लशीने ज्याला शिकवायचे, तो विद्यार्थीच पेंगू लागला.

जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली कांजिण्यांची लस तयार केली. तिच्यात दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. प्रतिकारशक्ती दडपलेल्या शरीरात तोही बळावू शकतो. म्हणून कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत लशी शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण करतात. नंतर त्या सहसा टाळतात. फ्लूच्या टोचायच्या लशीत किंवा कावीळ 'ब'च्या लशीत जिवंत विषाणू नसतो. त्या नंतरही देता येतात, मात्र परिणाम कमी होतो. मूत्रपिंड निकामी झाल्यानेही प्रतिसाद मंदावतो. म्हणून डायलिसिसवरील प्रौढांना कावीळ 'ब'च्या लशीची मात्रा बहुधा दुप्पट देतात.

याचा पडताळा कोविडच्या साथीत आला. २०२१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अवयवरोपण झालेले ६५८ जण तपासले. लशीच्या दोन मात्रांनंतरही केवळ ५४ टक्क्यांमध्ये प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथे अशा रुग्णांसाठी तिसऱ्या मात्रेला परवानगी मिळाली.

मृत दात्याचे मूत्रपिंड कधी मिळेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून आपल्या शाळेतील एखादे मूल त्याच्या प्रतीक्षेत असेल, तर त्याच्या लसीकरणाचे कार्ड डॉक्टरांना आजच दाखवायला पालकांना सांगावे. घरच्यांनी आणि वर्गातल्या मुलांनी आपापल्या लशी वेळेवर घेतल्या, तर त्याच्याभोवती आणखी एक कुंपण उभे राहते. जे त्याचे शरीर शिकू शकत नाही, ते आपली शरीरे त्याच्यासाठी शिकू शकतात.